कळीचा चुना: वाईच्या जुन्या घरात दोन पावसाळे वापरून

चुन्याबद्दल लिहिते आहे. भिंतीला लावायच्या, पानाला लावायच्या नव्हे. वाईच्या आमच्या घराची नदीकडची भिंत आम्ही सिमेंटचा गिलावा उतरवून कळीच्या चुन्याने, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे पाण्यात विझवून केलेल्या चुन्याने, पुन्हा केली. त्यावरून आता दोन पावसाळे गेले. काम झाल्याबरोबर लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहून मोकळी झाले असते, म्हणून थांबले. मधल्या काळात जुनी घरं असलेले पाच-सहा ओळखीचे येऊन भिंतीवर हात फिरवून गेले. कुठून आणलात, किती खर्च आला, टिकेल का, हे सगळ्यांनीच विचारलं. त्याची उत्तरं देते, आणि कोणी विचारलं नाही पण सांगायला हवं, तेही लिहिते.

आधी घर. पाच खणांचं, दुघई, म्हणजे खांबांच्या रांगांनी दोन पट्ट्यांत विभागलेलं. काळ्या दगडाचं जोतं, कमरेइतकी दगडी भिंत, त्यावर पातळ विटा, सागाचे खांब आणि वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत. पुढे ओसरी, मग माजघर, उजव्या हाताला देवघर, मागे पडवी आणि परसात आड. भिंतींची जाडी एवढी की कोनाड्यात समई ठेवून वर कोपर टेकायला जागा उरते. सासूबाईंच्या सासऱ्यांचा जन्म याच माजघरातला. छपरावरची मंगलोरी कौलं नंतरची. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. तिथल्या कौलांचं पाहून मग सगळीकडे तसली कौलं निघाली आणि गावोगावची थापीव नळीची कौलं उतरली. आमच्याकडची शंभरेक नळीची कौलं परसात भिंतीला टेकवून रचलेली आहेत. ती टाकून द्यायला सासूबाईंनी कधी परवानगी दिली नाही, आणि आज मला त्याचं बरं वाटतं.

असं घर राखायला पूर्वी पैसा शेतीतून यायचा. कूळकायद्यानंतर जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या, ते योग्यच झालं. पण घराची दरवर्षीची डागडुजी ज्या खंडाच्या धान्यावर चालायची ते थांबलं. मुलं पुण्याला, मुंबईला नोकरीला गेली. घरात हिस्सेदार सहा आणि राहणारे तीन, अशी गत बहुतेक वाड्यांची झाली तशी आमची झाली. आमच्या आळीत माझ्या डोळ्यांदेखत चार वाडे उतरले. उतरताना पहिले जातात ते खांब, कारण जुन्या सागाला गिऱ्हाईक उभंच असतं. चुना मात्र कोणी विचारत नाही. त्याचे ढिगारे ट्रॉलीत भरून खड्ड्यात टाकतात.

आता भिंतीचं दुखणं. सासऱ्यांच्या हयातीत, माझ्या लग्नानंतर चार-पाच वर्षांनी, या भिंतीचा जुना गिलावा ठिकठिकाणी भुसभुशीत झाला म्हणून तो काढून सिमेंटचा केला. त्या वेळी सगळे तेच करत होते. सिमेंट म्हणजे पक्कं, कायमचं, अशी सगळ्यांची समजूत. पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागलं १९१४ मध्ये. आमची भिंत त्याच्या कितीतरी आधीची. तिच्या पायात ओल अडवणारा कुठलाही थर नाही, कारण त्या बांधकामाला तो लागतच नव्हता. जमिनीतलं पाणी दगडविटांच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, हात-दीड हात चढलं की पृष्ठभागावरून वाळून जातं. दरवर्षी चढायचं, दरवर्षी वाळायचं. सिमेंटने ही वाळायची वाट बंद केली. मग पाणी आणखी वर चढलं: आधी गुडघ्याएवढं, मग छातीएवढं, आणि अखेर दोन कड्यांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथवर. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागे साचून त्यांचे स्फटिक झाले आणि त्यांनी विटेचं पीठ केलं. लोणा लागला म्हणतात तो हाच. बाहेरून सिमेंट शाबूत, बोटाने वाजवलं की पोकळ आवाज, आणि पोपडा निघाला की मागून तांबडी भुकटी झरझर खाली. भिंतीत अर्धा गाडलेल्या एका खांबाच्या बुडात मी सहज सुरी टोचून पाहिली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आम्ही लगेच चुन्याकडे वळलो असं नाही. आधी एका ठेकेदाराकडून जलरोधक रसायनाचा लेप मारून घेतला. दहा वर्षांची हमी लेखी होती. पहिल्याच श्रावणात लेपाला तळहाताएवढे फुगे आले, आणि एक फोडला तर आतून चमचाभर पाणी आलं. पुन्हा विचारायला गेलो तेव्हा सल्ला मिळाला की घर पाडा, याला काही अर्थ नाही. सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या. त्यांच्यासमोर हे बोलणं झालं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त उठून देवघरात गेल्या.

मिस्तरी भेटले ते शेजारच्या देवळाच्या ओवरीचं काम करताना. सत्तरीच्या पुढचे, वडिलांच्या हाताखाली चुना शिकलेले. गावात मला सगळे ‘बाई’ म्हणतात, मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं म्हणून. त्यांनी भिंतीवर उलटा हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाले, “बाई, हिला घाम येतुया. तुमी हिला रेनकोट घालून उनात हुभी केलीया.” मी इतकी वर्षं केशाकर्षण, म्हणजे बारीक छिद्रांतून पाणी वर कसं चढतं ते, फळ्यावर आकृती काढून शिकवत आले, पण माझ्याच घरातली भिंत मला वाचता आली नव्हती.

आता मालाबद्दल. चुना म्हणून बाजारात जे मिळतं त्यातले तीन प्रकार आम्ही पाहिले. पहिला, हार्डवेअरच्या दुकानात पिशवीतून मिळणारी विझवलेल्या चुन्याची पूड. दुसरा, रंगसफेदीचा चुना. तिसरी कळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे न विझवलेले खडे. पहिल्या दोन्हींवर आमचे पैसे वाया गेले. पूड किती दिवस गोदामात पडून होती कोण जाणे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तिचा बराचसा भाग परत चुनखडीच झालेला होता. ती भिंतीवर पसरते, वाळते, आणि बोट ओढलं की निघून येते.

घेताना तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. कळीचा लिंबाएवढा खडा लोखंडी घमेल्यात पाण्यात टाका आणि दोन पावलं मागे या. चांगली कळी काही मिनिटांतच तडकते, पाणी उकळू लागतं, वाफ येते, आणि खडा फुलून लोण्यासारखा होतो. तळाशी खडबडीत कच उरली तर तेवढा भाग नीट भाजलेला नाही किंवा दुसराच दगड आहे. आणि पूड घ्यायचीच झाली तर चमचाभर पाण्यात कालवून थंड झाल्यावर वर लिंबू पिळा. जोरात फसफसली तर तो चुना मेलेला, त्याची चुनखडी होऊन गेली आहे. जिवंत चुना लिंबाने फसफसत नाही. ही परीक्षा मी दुकानातच केली. दुकानदाराला आवडली नाही, पण त्याच्याही लक्षात आलं की गोदामातला माल बदलायला हवा.

आम्ही कळी आणली ती राजस्थानातली, गोटनकडची. इथे एक फरक समजून घ्यावा लागतो. आमच्या देशावर पूर्वी चुना व्हायचा तो शेतातून आणि ओढ्याकाठून निघणाऱ्या चुनखडीच्या खड्यांचा, कोकणात शिंपल्यांचा. त्या खड्यांत मातीचा अंश असे, आणि भाजल्यावर तो अंशच चुन्याला ओलीत घट्ट होण्याची ताकद देत असे. राजस्थानची कळी पांढरीशुभ्र आणि शुद्ध. शुद्ध असल्यामुळेच एकटी वापरली तर ती हवेवरच घट्ट होते, ओलीत फार सावकाश. म्हणून मिस्तरींनी सुरखी घालायला लावली, म्हणजे नीट भाजलेल्या विटांची बारीक पूड. त्यासाठी आमच्याच परसातले जुन्या विटांचे तुकडे कुटले. सिमेंट लागलेला तुकडा एकही घेतला नाही.

विझवण्याचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. आधी पाणी, मग कळी, हा क्रम उलटा करायचा नाही. हौदात पाणी घेऊन त्यात थोडी थोडी कळी टाकत गेलो. परस वाफेने भरून गेलं आणि नातवंडांना घरात कोंडून ठेवावं लागलं. ही काळजी खरोखर घ्यावी लागते. मिस्तरींच्या हाताखालच्या पोराच्या डोळ्यात एक थेंब उडाला. आडाचं स्वच्छ पाणी सतत डोळ्यावर ओतत राहिलो आणि मग डॉक्टरांकडे नेलं. डोळा वाचला, पण त्या अर्ध्या तासात माझे पाय लटपटत होते. चष्मा आणि रबरी हातमोजे आधीच आणून ठेवा. चुना अंगावर उडाला तर भरपूर पाण्याने धुवत राहायचं, एवढं घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या.

विझवलेला चुना चाळून पाण्याखाली सव्वा महिना ठेवला. मिस्तरींचा हट्ट होता आणि तो बरोबर होता. आत न विझलेला कण राहिला तर तो भिंतीत गेल्यावर फुलतो आणि गिलाव्याला फोड येतो. पाण्याखाली हवा लागत नाही, त्यामुळे चुना मरत नाही, उलट दिवसेंदिवस मऊ होत जातो. सिमेंटची पिशवी सहा महिने ठेवून पाहा. दगड होते.

त्या सव्वा महिन्यात बाकीची तयारी. हिरडा महाबळेश्वरच्या बाजूच्या डोंगरांत होतो, बाजारात सहज मिळाला. तो फोडून पाण्यात भिजत घातला, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर. आठवडाभराने त्याला आंबूस वास सुटला. गुळामुळे मिश्रण कमी पाण्यात मऊ राहतं आणि सावकाश घट्ट होतं. जास्त झाला तर घट्टच होत नाही आणि मुंग्या येतात. त्यामुळे या बाबतीत इंटरनेटवरच्या कृती पाहून हात सैल सोडू नये. चुना एक भाग, सुरखी एक भाग, धुऊन चाळलेली वाळू दोन भाग असं प्रमाण ठरलं, आणि पहिल्या थरात बोटभर लांबीचे तागाचे तुकडे. तागाचं ऐकून मला वेरूळची आठवण झाली. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं २०१६ साली पुरातत्त्व विभागातल्या आणि औरंगाबादच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि तिथे किडींनी जास्त नुकसान केलं. मिस्तरींना सांगितलं तर म्हणाले, “मग? केस नसलेली भित तडकतीच.” त्यांच्या बोलीत तागाला केस म्हणतात.

मिश्रण दळायला पूर्वी घाणी असायची: गोल दगडी चर, त्यात फिरणारं जातं, जुंपलेला बैल. वासोट्यावर आणि लोहगडावर चुन्याचे घाणे आजही पाहायला मिळतात. आम्ही मोटरवर चालणारी लोखंडी चाकांची घाणी भाड्याने आणली. सिमेंट कालवायच्या फिरत्या पिंपात हा माल नुसता गोळा होतो, दळला जात नाही, हे आधी करून पाहिलं आणि सोडलं.

सिमेंट उतरवताना मात्र घराने आम्हाला काही परत दिलं. खालच्या भागातला जुना चुना सासऱ्यांच्या वेळीच गेला होता, पण वर, कडीपाटाखालच्या हातभर पट्ट्यात, सिमेंट जुन्या चुन्यावरच चढवलेलं होतं. छिन्नीने हळूहळू काढलं तेव्हा खाली रंगाचे थर निघाले, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. सगळ्यांत वर निळीचा पांढरा, त्याखाली पिवळी माती, मग पुन्हा पांढरा, मग एक मोरपंखी थर आणि त्याच्याही खाली कावेचा, म्हणजे तांबड्या मातीचा, पट्टा. सासूबाईंना खुर्ची आणून बसवलं. त्यांनी मोरपंखी थराकडे बोट केलं आणि म्हणाल्या, “हा माझ्या लग्नातला. मामंजींनी स्वतः मोरचूद आणला होता.” चुन्यात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घातला की असा रंग येतो. द्राक्षबागायतदार फवारतात ते बोर्डो मिश्रण म्हणजेही मोरचूद आणि कळीचा चुनाच. बुरशी मारायला ते वापरतात. म्हणजे लग्नघराला नुसता रंग दिला नव्हता, भिंतीला बुरशी लागू नये याचीही सोय केली होती, कळून वा न कळून. तो पट्टा आम्ही नवीन गिलाव्याखाली गाडला नाही. कडा चुन्याने शिवून तसाच उघडा ठेवला आहे. आमच्या घराच्या इतिहासाचा एवढा लांबलचक कागद दुसरा नाही.

काम सुरू करण्याआधी एक दिवस मिस्तरींना घेऊन मेणवलीला गेलो होतो. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेवरचा घाट, आणि वसईच्या मोहिमेनंतर चिमाजीअप्पांनी आणलेल्या घंटांपैकी एक घंटा तिथे टांगलेली. लोक घंटा पाहतात, घाटावर फोटो काढतात. आम्ही भिंती पाहिल्या. वाड्यात चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली चित्रं आहेत. नाना गेले १८०० साली, म्हणजे सव्वादोनशे वर्षं होऊन गेली, आणि गिलावा अजून हाताला थंड, गुळगुळीत लागतो. मिस्तरींनी चित्राला हात लावला नाही. शेजारच्या कोऱ्या कोपऱ्यावर नखाने हलकेच टिचकी मारली आणि कान लावला. परत येताना ढोल्या गणपतीपाशी थांबलो. हे देऊळ १७६२ सालचं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी नदीच्या अगदी कडेला बांधलेलं, आणि पुराचं पाणी दुभंगावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केलेली. लहानपणापासून पाहिलेलं देऊळ, पण दगडांच्या सांध्यांत काय भरलं आहे ते त्या दिवशी प्रथम पाहिलं.

प्रत्यक्ष गिलावा पौष-माघात झाला. भिंत दोन दिवस भिजवली, सांधे खरवडले, लोणा लागलेल्या विटा बदलल्या. पहिला थर बोटभर जाडीचा. तो लावून सोडायचा नसतो. थापीने ठोकायचा असतो, सकाळ-संध्याकाळ, जिथे केसासारखी चीर दिसेल तिथे पुन्हा. घरात आठवडाभर थापीचा आवाज घुमत होता. मग दुसरा थर. शेवटी नीरू, म्हणजे वस्त्रगाळ चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर संगजिरा, म्हणजे एका मऊ दगडाची पूड, टाकून गुळगुळीत गोट्याने घोटाई. घोटाई केली ती मिस्तरींच्या सुनेने. तिचा हात भिंतीवरून एकाच गतीने फिरत राहायचा, आणि थोड्या वेळाने भिंतीत खिडकीचा उजेड दिसू लागायचा. एवढं सुंदर काम मी फार कमी वेळा पाहिलं आहे. पंधरा दिवस ओली पोती लावून ठेवली, कारण चुना ऊन लागून भराभर वाळला तर घट्ट न होता कच्चाच राहतो.

घट्ट झाला का हे पाहायला मी घरातली हळद वापरली. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू तसंच करतात. आतल्या बाजूला एका आडोशाच्या कोपऱ्यात गिलाव्याचा लहानसा टवका काढून हळदीच्या पाण्याचा थेंब टाकायचा. जिथे चुना अजून जिवंत आहे तिथे गडद लाल, जिथे हवा खाऊन त्याची परत चुनखडी झाली तिथे रंग फारसा बदलत नाही. महिन्याभराने वरचा पापुद्राच तेवढा घट्ट झाला होता. वर्षाने पुन्हा पाहिलं, तेव्हा लाल रेघ बरीच आत सरकली होती. शाळेत असते तर मुलांची रांग लावली असती.

आता निकाल. पहिल्या पावसाळ्यात भिंत गुडघ्यापर्यंत काळसर झाली. माझा जीव खालीवर होत होता, पण मिस्तरी म्हणाले, “दिसू द्या. दिसती म्हंजे भाइर पडती.” दसऱ्यापर्यंत डाग वाळला. पांढरी लव फुटली होती, क्षारांची, ती कोरड्या कुंचल्याने झाडून काढली. ओल्या फडक्याने पुसायची नाही, क्षार परत आत जातात. पोपडा एकही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात डाग वितीने खाली राहिला आणि लव त्याहून कमी. वरच्या कड्यांची टोकं आता पूर्ण कोरडी आहेत. माजघरातला कुबट वास, जो मला घराचाच वास वाटत असे, तो गेला. सासूबाईंची पाठ ज्या भिंतीला टेकते ती भिंत आता कोरडी असते, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

उणिवाही सांगते. काम फार सावकाश. सिमेंटने जे दहा-बारा दिवसांत झालं असतं त्याला कळी भिजवल्यापासून चार महिने लागले. खर्च सिमेंटच्या अंदाजाच्या जवळजवळ अडीचपट आला, त्यातला मोठा भाग मजुरीचा. चुना स्वस्तच आहे, महाग आहे तो हात. सफेदी पहिले काही महिने कपड्यांना लागते. खिळे ठोकून चालत नाही; आम्ही जुन्या खुंट्यांवरच भागवतो, आणि तारा नेणाऱ्या कारागिराने न विचारता ड्रिल लावलं तिथे थाळीएवढा तुकडा निखळला. वर प्लास्टिक रंग लावायचा नाही, नाहीतर पुन्हा रेनकोट. तऱ्हेतऱ्हेचे रंग हवे असतील तर चुना निराश करेल. त्याला माती, काव, नीळ, मोरचूद असे मोजकेच रंग मानवतात.

आणि चुना गळती थांबवत नाही, हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. ईशान्येच्या कोपऱ्यात पन्हळ फुटली होती, ती आम्ही ‘नंतर बघू’ म्हणून ठेवली. पहिल्याच पावसात तिथला नवा गिलावा हातभर धुऊन गेला. दोष आमचा. आधी कौलं, मग पन्हळ, मग भिंतीच्या पायथ्याचं पाणी वाहून जायला उतार, आणि त्यानंतर गिलावा. आमच्या पायथ्याशी सासऱ्यांच्या वेळी घातलेली फरशी होती, पाणी तिच्यावरून भिंतीकडेच यायचं. ती उखडून तिथे खडी टाकली, आणि मला तर वाटतं की निम्मी ओल त्यानेच कमी झाली.

कुणी घ्यावा? दगडमातीचं, विटांचं, सिमेंटच्या आधीचं घर असेल तर दुसरं काही वापरू नये, इतक्या स्पष्टपणे सांगते. काँक्रीटचे खांब-तुळया असलेल्या घराला याची गरज नाही. आमची नवी न्हाणी सिमेंटची आहे आणि ती तशीच ठेवली. ज्यांना घर दिवाळीच्या आत हवं आहे, त्यांनी या वर्षी हात घालू नये. या दिवाळीला कळी भिजवावी आणि काम माघात करावं. पावसाळ्यात आणि वैशाखाच्या उन्हात करू नये. मिस्तरी निवडताना प्रमाण काय ते विचारू नका, प्रमाण सगळेच सांगतात. कळी किती दिवस भिजवणार ते विचारा. “दोन दिवसांत लावतो” म्हणाला तर चहा देऊन निरोप द्या. आणि सगळी भिंत एकदम काढू नका. आम्ही आधी पडवीत दोन हात लांब-रुंद तुकडा करून एक महिना पाहिला, मग पुढे गेलो.

गुण द्यायचे तर कळीच्या चुन्याला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो डोळ्यात उडालेल्या थेंबासाठी. पिशवीतल्या पुडीला एक, तोही ताजी मिळाली तर.

कुजलेल्या खांबाचं राहिलं. त्याचं हातभर बूड कापून जुन्याच सागाचा तुकडा खाच घालून जोडला आणि खाली दगडी उथळं, म्हणजे खांबाची बैठक, बसवलं. तो साग आळीतल्या उतरवलेल्या वाड्यातला, तिथल्या काकांनी पैसे न घेता दिला. आता दक्षिणेकडची भिंत बाकी आहे. हौदात गेल्या खेपेचा दोन पाट्या चुना अजून पाण्याखाली आहे, ताज्या लोण्यासारखा मऊ. सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की उरलेला तांब्या त्या हौदात ओततात, पाणी उतरू नये म्हणून.